कणगीच्या उबेवर म्हशाला

म्हशाच्या जत्रेला बहुतेक लोक मुरबाडहून गाडीने जातात. जीपच्या टपावर बसतात, धूळ खातात आणि पोचतात. मी ज्या वाटेने गेलो ती पाण्यावरची आहे. पौषातल्या पहाटे तराफ्यावर उभं राहून ती हातांनी कापावी लागते. परत आल्यापासून आटगावात भेटेल तो मला बैलाचं विचारतो. हातांचं कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझा धंदा गवताचा. डोंगरउतारावरचं गवत विकत घ्यायचं, कापून, बांधून आटगावच्या वखारीत आणायचं आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी स्वतः डोक्यावर भारे वाहिले. आज दोन ट्रक माझ्या शब्दावर निघतात, आणि हा शब्द मी फुकट कमावलेला नाही. म्हणूनच मागच्या वर्षी म्हशाच्या बाजारात, चारचौघांत, बारकू हेडी मला म्हणाला, "तुझा शब्द म्हंजे तुझ्याच गवताची काडी," ते मी वर्षभर विसरलो नाही. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. वखारीत बसलो असताना, जेवताना, कुणाशी भाव करताना ते वाक्य मधेच वर यायचं आणि समोरच्या बिचाऱ्याला उगाच माझा आवाज ऐकावा लागायचा.

झालं होतं ते असं. आमच्याकडे गवताचा भाव तोंडाने ठरतो. ओरडून, शिव्या देऊन, उठून जाऊन, परत येऊन. म्हशाला बैलाचा भाव हाताने ठरतो. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा, प्रत्येकाला किंमत आहे. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मागच्या वर्षी मी दाबलेली बोटं आणि बारकूने पुकारलेला भाव जुळला नाही. मी त्याला लबाड म्हणालो, त्याने मला काडी म्हटलं. बैल दुसऱ्याने नेला.

तो बैल माझ्यासाठी नव्हता, माझ्या थोरल्या बहिणीसाठी होता. आम्ही तिला बाय म्हणतो. तिच्या जोडीतला चांद्या साप चावून गेला होता आणि मोऱ्या एकटा राहिला होता. एकट्या बैलाने भातशेती होत नाही. दुसरा कुठलाही आणून चालत नाही, कारण उंचीत फरक पडला की जू एका बाजूला कलतं आणि सगळा भार एकाच्या मानेवर येतो. मोऱ्या डांगी जातीचा, अंगाने आडवा, उंचीला बेताचा, आणि डाव्या बाजूने चालणारा. त्याला तेवढाच उंच, उजवीकडे चालणारा सोबती हवा. गेल्या पावसात बायने दुसऱ्यांचे बैल मागून, त्यांच्या शेतात राबून कशीबशी नांगरणी उरकली. यंदा जोड लागली नाही तर मोऱ्याला विकायचं, असं दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सांगून टाकलं होतं. त्याला बसून खायला घालायची त्यांची ऐपत नव्हती.

बायने शेणव्याच्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला. तिच्या वाडीत अजून मोबाइल लागत नाही. निरोप एवढाच होता: "जत्रा बसली. ये. आणि तोंड घरी ठेवून ये."

बायच्या वाडीत

शहापूरहून शेणवा, किन्हवली करत मुरबाडला एसटीने गेलो. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पुढे बारवी धरणाचा फुगवटा जिथे डोंगरांच्या पायथ्याशी बोटं घालून बसला आहे, तिथे बायची वाडी. धरणाआधी इथून म्हशाला पायवाट होती. ती आता पाण्याखाली आहे. रस्त्याने जायचं तर मुरबाडला उलटं जाऊन मोठा वळसा पडतो आणि पहिली जीप उन्हं वर आल्यावर मिळते. तोवर बाजारातली चांगली जनावरं गेलेली असतात. पाण्यावरून गेलं की समोरच्या काठाला लागून, एक खिंड उतरून दिवस उगवता उगवता म्हसा.

मागच्या वर्षी असंच गेलो होतो. यंदा मी तयारीने आलो होतो. कल्याणच्या बाजारात लोकरीचे हातमोजे घेतले होते. दुकानदाराने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर आणले आणि वर एक कानटोपीही काढून घेतली. बायच्या ओट्यावर मी ते मोजे ऐटीत काढून ठेवले.

बायने एक उचलला, उलटा केला, पालथा केला. "छान आहे. मांजराला होईल."

"हसू नको. सकाळी बघ."

"सकाळी तूच बघ."

दाजी कोपऱ्यात खाटेवर होते. दोन दिवाळ्यांमागे ते माडीवरून पडले, तेव्हापासून कंबर धरली आहे, लांब चालणं होत नाही. एरवी म्हशाला तेच जायचे. ते मला म्हणाले, "पावणं, या वर्षी भांडू नका. त्याच्यासमोर मुके व्हा. बैल बघायचं काम हिचं."

"आणि माझं काम?"

"हात द्यायचा. ती बाईमाणूस, तिला टॉवेलाखाली कोण हात देणार?"

हे खरं होतं. बैल पारखायला बायच्या तोडीचा माणूस वाडीत नाही, पण टॉवेल पुरुषांचा. आमच्याकडे गवताच्या सौद्यात कातकरणी माझ्याशी तासतासभर भांडतात आणि जिंकतातही. इथे बाईला बैल बघता येतो, बोट दाबता येत नाही. मला हे पटत नाही, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण?

जेवायला तांदळाची भाकरी, धरणातल्या मळ्या नावाच्या माशाचं कालवण आणि वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे बिरड्यात गूळ घालतात, बाय घालत नाही. सासरी येऊन तिने गूळ सोडला म्हणून मी तिला दर वेळी टोचतो. ती दर वेळी म्हणते, "तिखट माणसाला गोड कशाला?" जेवण झाल्यावर तिने चुलीवर मोठ्या मडक्यात कणगी उकडायला ठेवली. कणगी म्हणजे रताळ्यासारखा, पण पांढरा, जरा चिकट, गोडसर कंद. पौषात या भागात घरोघर असतो. मला वाटलं, वाटेत खायला असेल.

पाण्यावर

पहाटे आम्ही काठावर गेलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं, फक्त त्याची वाफ दिसत होती. ज्यांना वाटतं ठाणे जिल्ह्यात थंडी पडत नाही, त्यांनी पौषात या फुगवट्यावर यावं. जमिनीवर थंडी अंगाला लागते. पाण्यावर ती हातांना धरते आणि सोडत नाही.

बायचा तराफा म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकातल्या दोन फुगवलेल्या ट्यूबा, त्यांवर आडव्या बांबूची चटई, सगळं काथ्याने आवळलेलं. त्यावर बसता येत नाही, कारण बसलं की मागून पाणी वर येतं. दोन माणसं पुढे-मागे पाय फाकवून उभी राहतात आणि लांब बांबूच्या टोकाला फळी ठोकलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारतात. मी पुढे, बाय मागे. तिने लुगड्याचा काचा मारला होता, डोक्याला दाजींचा मफलर कानांवरून घट्ट बांधला होता आणि कमरेला फडक्यात काहीतरी फुगीर खोचलं होतं.

मी हातमोजे चढवले. पहिल्या दहा-बारा वल्ह्यांपर्यंत माझी छाती फुगलेली होती. मग बाजू बदलताना वल्हं वर उचललं की फळीवरचं पाणी बांबूवरून ओघळत सरळ माझ्या मुठीत यायला लागलं. लोकर पाणी पिते हे गवताच्या व्यापाऱ्याला कळायला हवं होतं. थोड्या वेळात दोन्ही मोजे ओल्या फडक्यांसारखे झाले आणि त्यांतली बोटं बाहेरच्या थंडीपेक्षाही गार पडली. मी वल्हं बगलेत धरून मोजे दाताने ओढून काढले. एक पाण्यात पडला. दुसरा मी रागाने त्याच्या मागे फेकला.

"मांजराला पण नाय राहिले," बाय मागून म्हणाली.

"गप बस."

"कानटोपी कुठाय?"

"पिशवीत."

"घाल. कान उघडे ठेवतोस आणि हातांना दोष देतोस. डोकं झाकलं की बोटं गरम राहतात."

"डोक्याचा आणि बोटांचा काय संबंध?"

"तुझ्या डोक्याचा सगळ्यांशी संबंध आहे. घाल आधी."

मी टोपी घातली. मग तिने मला वल्हं मागे द्यायला सांगितलं. तराफा आपोआप हलत होता, धुक्यात कुठे चाललोय ते दिसत नव्हतं. ती खाली वाकली, पिशवीतून काथ्याचा तुकडा काढला आणि फळीच्या वरच्या बाजूला, बांबूला जाडसर कडं बांधलं. तिच्या वल्ह्याला ते आधीपासूनच होतं, मी पाहिलं नव्हतं. आता वल्हं उचललं की पाणी त्या कड्यापर्यंत यायचं आणि तिथून थेंब थेंब खाली गळायचं. मूठ कोरडी राहायची.

"हे मागच्या वर्षी का नाही बांधलंस?"

"मागच्या वर्षी तू सगळ्या वाटेला बोलत होतास. मला मधे जागाच नाय मिळाली."

तरी हात गार होतेच. आमचा तराफा फुगवट्याच्या मधोमध आला असावा. बोटं वाकवली तर वाकायची, पण ती वाकली हे मला डोळ्यांनी पाहून कळायचं. बायला माझी पाठ दिसत होती, तेवढ्यावरून तिने ओळखलं.

"गळा दाबल्यासारखा धरलायस बांबू."

"सुटला तर?"

"सुटत नाय. सैल धर. ओढताना फक्त आवळ, उचलताना सोड. तू बारकूचा गळा दाबतोयस त्या बांबूवर."

खरंच तसं होतं. वल्हं मारताना मी मनात त्याच्याशी भांडत होतो आणि मूठ आवळत होतो. आवळलेल्या मुठीत रक्त फिरत नाही. मी बोटं सैल केली. पहिल्यांदा वल्हं हातातून जाईल असं वाटलं, गेलं नाही. बांबू तळहातावर नुसता टेकवून ठेवायचा, पाण्यात फळी शिरली की बोटं मिटायची. हळूहळू बोटांच्या टोकांत मुंग्या आल्या. मुंग्या आल्यावर दुखायला लागलं. दुखलं म्हणजे जिवंत आहेत, एवढं समाधान.

मग बाय म्हणाली, "आता एक हात मागे कर."

मी हात मागे केला. तिने तळहातावर काहीतरी ठेवलं. इतकं गरम, की मी ओरडलोच. कणगी होती. सालासकट उकडलेली, फडक्यात गुंडाळून तिने कमरेला, पोटाशी बांधली होती.

"खाऊ नको. खिशात घाल. एक हात वल्ह्यावर, एक कणगीवर. मग बदल."

एका हाताने वल्हं मारता येतं का, असं विचारणार होतो. येतं. फार जोर लागत नाही, पण तराफा पुढे जात राहतो. डावा हात पँटच्या खिशात, कणगीच्या उबेत. मग उजवा. धुकं पातळ होत गेलं आणि डावीकडे एक टेकडी उघडी पडली, तिच्या पायथ्याशी पाण्यात अर्धी बुडालेली आंब्याची झाडं. त्यांच्यातली एक जुनी वाट पाण्यात उतरताना दिसली. बाय म्हणाली, "लग्न होऊन आले ती या वाटेनं." वल्हं न थांबवता म्हणाली. मीही वल्हं थांबवलं नाही.

मग तिने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. म्हशाचा बाजार चालतो बैलावर, आणि बैलाचा भाव चालतो नदीवर. बाजार भरायच्या आधी दलाल लोक पहाटे जनावरं नदीवर नेतात, अंग चोळून धुतात, म्हणजे कातडी चमकते. "तुझ्या त्या बारकूला मागच्या साली मी नदीवर पाहिलं होतं. कंबरभर पाण्यात."

"मग?"

"मग काय? सांगितलं."

मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

म्हसा

समोरच्या काठाला तराफा झुडपात ओढून ठेवला आणि खिंड उतरलो. उन्हाची पहिली तिरीप आणि बाजाराचा आवाज एकदमच आला. म्हसोबाच्या देवळाकडे रांगा लागल्या होत्या, घोंगडीवाल्यांनी दोरीवर काळी घोंगडी टांगली होती, एक भटारी मोठ्या कढईत जिलेबी सोडत होता. आम्ही तिकडे पाहिलंही नाही. जत्रेत दोन जत्रा असतात. एक माणसांची, ती दिवसभर चालते. दुसरी बैलांची, तिचा जीव सकाळचा.

बायने कमरेतून एक सुतळी काढली. तिला एका जागी गाठ होती. ती मोऱ्याची उंची, खुरापासून वशिंडापर्यंत. ती एकेका बैलाजवळ उभी राहायची, सुतळीचं टोक पायाने दाबायची, गाठ वशिंडाला लावायची आणि मान हलवून पुढे जायची. मालक पाठीमागून दात, डोळे, वंशावळ सांगत राहायचे. ती ऐकायचीच नाही. उंचीला जमलेले दोन मिळाले, पण दोन्ही डाव्या बाजूने चालणारे. तिसरा उजवा होता, पण लाथाडणारा. सगळी रांग संपत आली.

शेवटी ती थांबली. एक डांगी, पांढऱ्यावर काळे ठिपके, अंग ओलं. सुतळीची गाठ बरोब्बर वशिंडावर. तिने त्याच्या उजव्या खांद्यावर हात फिरवला. जुवाचा घट्टा तिथेच होता, म्हणजे हा उजवीकडे चालणारा. तिने त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाच."

बैलाच्या पलीकडून टॉवेल खांद्यावर टाकून बारकू हेडी उभा राहिला.

बाजारात शेकडो बैल, आणि आम्हाला हवा तो याच्याच दोरीला. मी वळून चालायला लागणार होतो. बायने माझ्या दंडाला चिमटा काढला. लहानपणी काढायची तसाच, नखाने, पिळून.

"या गवतशेठ," बारकू म्हणाला. भोवती पाच-सहा जण होते, त्यांनी माना वळवल्या. "यंदा हात आणलाय का नुसतं तोंडच?"

"हात आणलाय. तुझे सांभाळ."

"माझ्या हातांना काय झालंय? टॉवेलाखाली केस पिकले माझे."

"केस टॉवेलाखाली पिकतात होय? मग डोक्यावर काय उगवलं?"

लोक हसले. बारकूही हसला, पण डोळ्यांनी नाही. त्याने टॉवेल झटकला, आमच्या हातांवर टाकला आणि माझा हात धरला.

मी दचकलो. त्याचा हात मेलेल्या माशासारखा गार होता. बोटं ओली, सुरकुतलेली, आणि त्यांच्यात जोर होता पण जाण नव्हती. तेव्हा मला बायचं तराफ्यावरचं बोलणं समजलं. हा आत्ता नदीतून आला होता, बैलाचं अंग ओलं होतं ते याचमुळे. मी तीन बोटं दाबली. त्याने मान हलवली आणि परत मला दाबून दाखवलं, ते चार होतं. मी पुन्हा तीन दाबली, नीट, एकेक मोजून. तो म्हणाला, "हां, आलं ध्यानात," आणि पुन्हा चार.

तो लबाडी करत नव्हता. त्याला कळतच नव्हतं.

इथे मी एक गोष्ट लपवत नाही. माझ्या मनात आलं की, होऊ दे. पुकारू दे याला चुकीचा भाव. मग मी सगळ्यांसमोर याचा हात वर धरेन आणि सांगेन की बघा, तुमचा दलाल बोटं मोजू शकत नाही. वर्षभर मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो इथे, टॉवेलाखाली, माझ्या मुठीत होता. फक्त मग बैल जाणार होता. बाय बैलाच्या पलीकडे उभी होती, तिचा हात त्याच्या पाठीवर होता आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. मुद्दामच पाहत नव्हती.

मी त्याची करंगळी धरली आणि हळू विचारलं, "बारकूशेठ, कुठलं बोट धरलंय मी?"

"क्काय?"

"सांगा. हळू सांगा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. भोवतीच्यांना वाटलं, भाव अडला आहे. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, "अंगठ्याशेजारचं."

"करंगळी आहे."

टॉवेलाखाली त्याची बोटं जराशी हलली, स्वतःलाच चाचपल्यासारखी.

मी दुसऱ्या हाताने खिशातली कणगी काढली. अजून कोमट होती. टॉवेलाखाली त्याच्या तळव्यात ठेवली, त्याची मूठ मिटवली आणि वर माझा हात धरून ठेवला. माझे हात गरम होते. आयुष्यात कुणी माझ्या हातांचं कौतुक केलं नसेल, पण त्या सकाळी ते बाजारातले सगळ्यांत गरम हात असावेत. आम्ही असे बराच वेळ उभे राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "एवढा काय सौदा करतायत, जमीन घेतायत का बैल?"

"मागल्या साली," बारकू पुटपुटला, "तू पाण्यावरनं आलावतास ना?"

"तुम्ही नदीतून."

"हां."

"तराफ्यावरून उतरलो तेव्हा माझीही बोटं लाकडं झाली होती. मग कुणी काय दाबलं, ते आता म्हसोबालाच ठाऊक."

पलीकडून बाय बैलाची पाठ थोपटत म्हणाली, "दोन मेलेले हात बोलत होते. मी तेव्हाच सांगणार होते, पण तुमी दोघं इतके जिवंत ओरडत होतात!"

मग बोटं दाबली गेली. काय भाव ठरला ते मी इथे लिहिणार नाही, टॉवेलाखालचं तिथेच राहावं. एवढं सांगतो की शेवटच्या बोटावर आम्ही अडलो. तो एक बोट जास्त मागत होता, मी देत नव्हतो. माझ्यासारख्या माणसाला एक बोट सोडणं म्हणजे काय, ते आटगावात कुणालाही विचारा. तरी मी म्हणालो, "बोट घ्या. पण तो शब्द परत घ्या. काडीचा. आणि मोठ्याने."

बारकूने विचार केला. दलाल आहे, फुकट काही देणार नाही. मग त्याने टॉवेल ओढला, झटकला आणि बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुकारलं, "बैल गवतशेठच्या बहिणीला गेला! आणि मागल्या साली इथं जे काय बोलणं झालं, ते थंडीचं होतं!"

मला 'चुकलो' हवं होतं. 'थंडीचं होतं' मिळालं. मी ते घेतलं. एका बोटात एवढंच येतं, असं स्वतःला समजावलं. अजूनही अधूनमधून समजावतो.

कणगी बारकूने परत दिली नाही. सोलून, उभ्या उभ्या खाल्ली.

परत

बैल तराफ्यावर येत नाही, आणि त्या गारठ्यात त्याला पोहायला लावायला बाय तयार नव्हती. ती त्याला घेऊन रस्त्याने निघाली, सोबत मुरबाडकडे जाणारी चार माणसं होती. तराफा मी एकट्याने परत न्यायचा, असं ठरलं. जाण्याआधी तिने मला पावशेर जिलेबी घेऊन दिली, जणू मी आठ वर्षांचा होतो. मी घेतली.

दुपारी तेच पाणी निळं आणि आळसावलेलं होतं. ऊन पाठीवर होतं, हात उघडे होते आणि वल्हं नुसतं तळव्यावर टेकलेलं. एक ढोकरी बगळा माझ्या पुढे पुढे उडून बसत होता. मनात भांडायला कुणी नव्हतं. हे मला इतकं नवं वाटलं की मधोमध थांबून मी जिलेबी संपवून टाकली, दाजींसाठी एकही ठेवली नाही.

वाडीत पोचलो तर दाजी ओट्यावर. "बैल?"

"येतोय."

"भांडलात?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एकतर बैल नाही किंवा मी खोटं बोलतोय. दिवस कलायला लागेपर्यंत ते दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत राहिले. मोऱ्या गोठ्यात होता, दावणीला एकटा, शेजारची जागा झाडून ठेवलेली.

उन्हं डोंगराआड जाताना बाय आली. धुळीने पाय पांढरे, पुढे ती, मागे ठिपक्यांचा बैल, दोघांची चाल सारखीच थकलेली. दाजी खाटेचा आधार घेत उठले. कंबर विसरून ते गोठ्यात गेले आणि आढ्याला टांगलेलं जू खाली काढायला लागले.

"अहो, उद्या बघा," बाय म्हणाली.

"आत्ता बघायचं."

मी मोऱ्याला सोडून अंगणात आणलं. तो नव्याच्या जवळ गेला, त्याची मान हुंगली आणि एकदा फुरफुरला. नवा मागे सरकला, मग थांबला. दाजींनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि जू दोघांच्या मानांवर ठेवलं. मोऱ्या डावीकडे, नवा उजवीकडे. दाजी दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि जुवाच्या रेषेत पाहत राहिले. कितीतरी वेळ पाहिलं. जू कुठेच कललं नव्हतं.

दाजी पुढे आले आणि मोऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

"सोडा आता नव्याला," बाय ओट्यावरून म्हणाली. "लांबनं चालत आलाय."